कोकण लिहिताना: पेंडशांच्या शेजारी आपलं पान ठेवून

आजच्या व्याख्यानाचा विषय ‘आपलं ललित लेखन सुधारायचं कसं’ असा आहे. यावर नियम सांगता येतात. पण नियम ऐकून कुणाची कथा सुधारली असं आम्ही काही पाहिलेलं नाही. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातला एक लेखक घेऊ, आणि आमच्याकडे वाचायला येणाऱ्या नव्या कथा त्याच्या शेजारी ठेवून बघू. लेखक म्हणजे श्री. ना. पेंडसे. जन्म १९१३ चा, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. ‘एल्गार’ १९४९, ‘हद्दपार’ १९५०, ‘गारंबीचा बापू’ १९५२, ‘रथचक्र’ १९६२. पुढे १९८७ मध्ये दोन खंडांत ‘तुंबाडचे खोत’.

नव्या कथांचं पहिलं पान आम्हांला आता पाठ झालं आहे. समुद्राची गाज, माडांची सळसळ, सुरंगीचा वास, मग आजी, मग आजीच्या हातची पेज. यातलं खोटं काहीच नाही. अडचण अशी की हे पान लिहायला कोकणाची ओळख असावी लागत नाही, रिसॉर्टची जाहिरात वाचली तरी भागतं. आणि ते लिहिणारी मुलं तर इथलीच आहेत, मिरकरवाड्यातली, पावसची, लांज्याची. स्वतःच्या गावाकडे ती पर्यटकाच्या डोळ्यांनी बघतात, याचं आम्हांला खरं वाईट वाटतं.

बरं, गावात राहिल्यानं लेखन खरं होतं असंही नाही. पेंडशांचं बहुतेक आयुष्य मुंबईत गेलं, नोकरी बेस्टमध्ये. तरी गारंबी डोळ्यांपुढे उभी राहते. का? तिथली सुपारी बघा. पेंडशांच्या पानावर सुपारी हा देखावा नाही, तो पैसा आहे. गावानं ओवाळून टाकलेला बापू वर येतो तो सुपारीच्या व्यापारावर, आणि काल त्याला नावं ठेवणारी तोंडं त्या पैशापुढे कशी बदलतात हे कादंबरी दाखवते. निसर्ग आहेच, पण त्यात कुणीतरी राबतंय, कुणाचं तरी पोट त्यावर आहे.

आता आपल्या कथांमधला आंबा घ्या. तो नुसता घमघमतो. मोहोर करपला म्हणून रात्रभर जागलेला बागायतदार त्यात नाही. फवारणीचा खर्च नाही, सोसायटीचं कर्ज नाही, वाशीच्या दलालाची पट्टी येईपर्यंतचा जीव टांगणीला लागलेला आठवडा नाही. बागेत राखणीला असलेला नेपाळी गुरखा तर कुठेच नाही, आणि तो आज आपल्या निम्म्या बागांतून दिसतो! झेला धरून हात भरून आलेला माणूस आढीतल्या आंब्याकडे कसा बघतो? हे ज्याला ठाऊक आहे त्यानं ते लिहिलं नाही, तर दुसरं कोण लिहिणार?

साध्या चुकाही आहेत. एका कथेत आषाढात ट्रॉलर भरून मासळी आली. अहो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, हे बंदरावरचं शेंबडं पोर सांगेल. एवढ्या एका वाक्यानं वाचकाचा विश्वास उडतो, आणि पुढचं दुःख कितीही खरं असलं तरी तो ते मानत नाही.

बोलीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. गुहागरच्या म्हातारीच्या तोंडी ‘खंय’ आणि ‘माका’ घातलेलं आम्ही इतक्यांदा वाचलं की आता हसूही येत नाही. ही मालवणी. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी सगळी रत्नागिरीच होती, हे कबूल. पण भाषा तेव्हाही एक नव्हती. संगमेश्वरी वेगळी, बाणकोटी वेगळी, ब्राह्मणवाडीतली वेगळी, दालदी मुसलमानांची वेगळी. मालवणी नाटकांनी प्रसिद्ध केली म्हणून ती सगळ्या कोकणाला चिकटवायची, हा आळस झाला. म्हातारी तुमच्या वाडीतली आहे ना? मग तिच्याजवळ जाऊन बसा, ऐका. शिवाय बोली पानभर सांडायची गरज नसते. पेंडशांचे संवाद मोठ्यानं वाचून पाहा. बोली तिथे शब्दांपेक्षा वाक्याच्या वळणात जास्त आहे. माणूस कुठे तिरका बोलतो, कुठे गप्प बसतो, कुठे एका शब्दात समोरच्याला गार करतो, त्यावरून तो ओळखू येतो.

‘रथचक्र’च्या नायिकेला नाव नाही. ती फक्त ‘ती’. आमच्या मते नव्या लेखकानं अभ्यास करावा अशी ही जागा आहे. आपण पात्राला नाव देतो, साडीचा रंग देतो, गालावर खळी देतो, तरी ते हलत नाही. इथे नावसुद्धा नाही आणि बाई विसरता येत नाही. कारण तिला काहीतरी हवं आहे, पोरांनी शिकावं असं वाटतं, आणि त्यासाठी ती काय काय सोसते, कुणाकुणाशी वैर घेते ते आपण बघत जातो. तुमची कथा अडली तर वर्णन वाढवू नका. पात्राला काय हवंय आणि ते कोण अडवतंय, हे आधी स्वतःला विचारा. उत्तर आलं नाही तर कथा अजून झालेली नाही, बाजूला ठेवा.

आता थोडं अवघड. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे प्रकल्पांच्या कथा खूप आल्या. जैतापूर, नाणार, मग बारसू. बहुतेक कथांत जमीन विकणारा माणूस पांढऱ्या कपड्यांतला, गळ्यात साखळी, बोलतो खलनायकासारखा. प्रत्यक्षात तो आपला चुलतभाऊ असतो. कातळ त्याच्या नावावर असतो, त्यावर काही पिकत नाही, मुलगा विरारला दहा बाय दहाच्या खोलीत राहतो. तो चूक करत असेलही. पण त्याची बाजू त्याच्या तोंडून आली नाही, तर कथेतला विरोध करणाराही पुठ्ठ्याचा होतो. तुम्ही विरोधात असाल तर जरूर असा, मोर्चात जा. कथेत मात्र त्याला नीट बोलू द्या.

‘तुंबाडचे खोत’ इथे उपयोगी पडते. जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्या. खोत म्हटलं की आपल्यापुढे एक छापील जुलमी उभा राहतो. पेंडसे त्याला घरात नेतात, त्याची हाव, त्याची भीती, त्याच्या बायकांची घुसमट दाखवतात. त्यांनी त्याला सोडलेलं नाही आणि झोडपण्याची घाईही केलेली नाही.

पण मंडळी, याच कादंबरीपाशी आमची तक्रार आहे. घटनांची गर्दी पुष्कळ, हा भाग सोडा, एवढ्या पसाऱ्यात ते चालायचंच. खरी उणीव दुसरी. खोत आतून दिसतो, कुळं मात्र बहुतेक पडवीच्या बाहेरच राहतात. खोती बंद व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये. याच रत्नागिरीच्या कुळांनी त्यासाठी काय भोगलं, खोताच्या दारात भात किती मापून दिलं, घरी परत जाताना ती काय बोलली, हे त्या दोन खंडांत आम्हांला पुरेसं सापडत नाही. पेंडशांना जे घर ठाऊक होतं ते त्यांनी लिहिलं. दुसरं घर ठाऊक असलेली माणसं आज या सभागृहात बसलेली आहेत, त्यांच्या आजोबांनी ते माप घातलेलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं तीनच पानं आणायची. गाज नको, माड नको. घरातल्या किंवा वाडीतल्या एका माणसाचं काम लिहायचं, सकाळी हत्यार हातात घेतल्यापासून मजुरी मिळेपर्यंत, त्याच्या बोलण्यासकट. ती पानं इथे मोठ्यानं वाचायची, आणि कुणाची बोली चुकली तर त्या गावच्या माणसानं तिथल्या तिथे थांबवायचं.