नकाशाची किंमत

सुझॅना मूडी यांचे ‘रफिंग इट इन द बुश’ हे पुस्तक १८५२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नवरा आणि तान्ही मुलगी यांच्यासह १८३२ मध्ये अपर कॅनडात वस्तीला गेलेल्या या लेखिकेच्या आठवणींची ही शब्दचित्रे. थंडी, कर्ज आणि उपासमार यांची कहाणी म्हणून ती वाचली जातात. मला मात्र हे सीमारेषांचे पुस्तक वाटते.

पहिली रेषा मूडींना स्वच्छ दिसते. अमेरिकेतून आलेले शेजारी सतत काही ना काही उसने नेतात आणि परत करत नाहीत. त्यांच्या बरोबरीच्या तोऱ्यावर मूडी चिडतात, हसतातही. १८३७ चे बंड झाले तेव्हा त्यांनी राजनिष्ठेच्या कविता लिहिल्या.

दुसरी रेषा त्यांना दिसत नाही, तरी त्यांच्याच लेखणीतून उमटते. डूरोच्या जंगलातील घरी मिसिसागा लोकांचे येणेजाणे असे. एकदा त्यांची नजर कॅनडाच्या मोठ्या नकाशावर पडते. ट्रेंट नदीवरून बोट फिरवत ते आपल्या सरोवरापर्यंत पोचतात, एकेका पाण्याचे नाव आपल्या भाषेत घेतात. वृद्ध प्रमुख पीटर नोगन तो नकाशा मागतो. बदल्यात होडी, हरणाचे मांस, बदके, मासे देऊ करतो. मूडींना वाईट वाटते, पण त्या नकार देतात. नकाशाला सहा डॉलरहून अधिक पडले होते आणि आसपासची ठिकाणे शोधायला तो नवऱ्याला रोज लागे.

या नकाराला मी क्रूर म्हणणार नाही; त्या घराला सहा डॉलर जड होते. माझा आक्षेप वेगळा आहे. त्याच प्रकरणात मूडी या लोकांच्या औदार्याची कदर करतात, गोऱ्यांनी त्यांना बिघडवल्याची खंत मांडतात, पण त्यांच्या ऱ्हासाचे कारण गूढ नियतीत शोधतात. नियतीला तारीख नसते. इथे तारीख होती: ५ नोव्हेंबर १८१८. त्या दिवशीच्या तहाने मिसिसागांची सुमारे साडेएकोणीस लाख एकर जमीन गेली. मोबदला वर्षाला ७४० पौंडांचा माल. डूरो त्याच जमिनीत येते. मूडी कुटुंब तिथे गेले १८३४ मध्ये, म्हणजे जेमतेम सोळा वर्षांनी.

नवऱ्याला नकाशा लागे, कारण त्याला तो मुलूख ठाऊक नव्हता. नोगनला मुलूख पाठ होता, तरी कागद हवा होता. तो का हवा होता, हे मूडी विचारत नाहीत. जमीन कागदावरूनच गेली होती, हे ध्यानात घेतले तर त्याची मागणी भाबडी राहत नाही. मूडींनी हा प्रसंग गाळला नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्या नियतीच्या वाक्याला उत्तर त्यांच्याच पुस्तकात, त्याच प्रकरणात आहे.