सेकंदाला पन्नास गोळ्या

नववीच्या वर्गात संवेग अक्षय्यतेचा नियम शिकवताना आपण सगळेच बंदुकीचे उदाहरण देतो. गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. फळ्यावर उलटसुलट दोन बाण काढले की तास पुढे सरकतो. आमच्या एका शिक्षकमित्राच्या वर्गात मात्र एका मुलाने हात वर केला. "सर, मग सिनेमात ती गरगर फिरणाऱ्या नळ्यांची बंदूक हातात धरलेला माणूस मागे का जात नाही?" मित्राने "तो सिनेमा आहे" असे सांगून वेळ मारून नेली आणि संध्याकाळी तो प्रश्न आमच्या गळ्यात टाकला. आम्ही तीन गाजलेले अमेरिकन चित्रपट कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा पाहिले. प्रश्न मुलाला वाटला त्याहून मोठा निघाला.

ही बंदूक म्हणजे एम-१३४ मिनिगन. सहा नळ्यांचा जुडगा एका आसाभोवती विजेच्या मोटरने फिरतो आणि एका फेऱ्यात प्रत्येक नळीतून एकेक गोळी सुटते. मिनिटाला ३००० गोळ्या सुटत असतील तर जुडग्याचे फेरे होतात फक्त ५००, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्यापेक्षा थोडेसेच अधिक. प्रत्येक नळीला दोन गोळ्यांच्या मध्ये थंड व्हायला उसंत मिळते; सगळी युक्ती एवढीच. कल्पना जुनी आहे. रिचर्ड गॅटलिंग यांनी हाताने दांडा फिरवायच्या अशा बंदुकीचे पेटंट १८६२ साली घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तिला मोटर जोडून विमानांसाठी २० मिलिमीटरची व्हल्कन तोफ तयार झाली, आणि १९६०नंतर जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तीच रचना रायफलच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी लहान केली. 'मिनि' हे नाव त्या मोठ्या तोफेच्या तुलनेत! व्हिएतनाममध्ये जंगलावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला खालचे ठिकाण जेमतेम काही सेकंद दिसे, तेवढ्या वेळात जास्तीत जास्त गोळ्या ओतायच्या होत्या. म्हणून हा वेग. तिची जागा हेलिकॉप्टरच्या दारात, पक्क्या बैठकीवर, वीजही हेलिकॉप्टरचीच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गोळीचे वस्तुमान सुमारे साडेनऊ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ८५० मीटर. गुणाकार केला तर एका गोळीचा संवेग येतो ८ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. मागोमाग जोराने बाहेर पडणाऱ्या वायूचा धरला तर सुमारे १२. मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० गोळ्या. तेव्हा मागे रेटणारे सरासरी बल झाले ६०० न्यूटन, सुमारे ६० किलो वजनाइतके, तेही सतत. रस्सीखेचीतल्या गड्यासारखे पाय रोवून आणि अंग झोकून एखादा दांडगा माणूस कदाचित उभा राहीलही. पण नेम धरणार कसा?

शिवाय ओझे आहेच. बंदूक सुमारे ३९ किलोची. एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे, म्हणजे सेकंदाला सव्वा किलो काडतुसे संपतात. मिनिटभर गोळीबार करायचा तर पाठीवर ७२ किलो माल हवा. एक माणूस खांद्यावर दुसरा माणूस घेऊन निघाला, अशातला हा प्रकार.

'प्रेडेटर' (१९८७) या चित्रपटात जेसी व्हेन्चुरा यांनी हेच केलेले दिसते. मध्य अमेरिकेच्या जंगलात त्यांचा सैनिक ही बंदूक हातात घेऊन हिंडतो. चित्रीकरणात काडतुसे बिनगोळीची होती, त्यामुळे धक्क्याचा मोठा भाग आपोआप नाहीसा झाला. विजेची तार नटाच्या कपड्यांतून कॅमेऱ्याबाहेर नेलेली होती आणि बंदुकीचा वेग मिनिटाला सुमारे १२५० वर आणला होता. मुलाला द्यायचे सरळ उत्तर हेच: तो मागे जात नाही, कारण पुढे काही जातच नाही.

या कमी केलेल्या वेगाची एक गंमत वर्गात सांगण्याजोगी आहे. १२५० भागिले ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ बार. सेकंदाला वीसच्या आसपास ठोके पडले की आपल्या कानाला ते सुटे ऐकू येईनासे होतात आणि त्यांचा एक सलग सूर होऊ लागतो. पडद्यावरची बंदूक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे, म्हणून ती 'धडधडते'. खरी धडधडत नाही. तिचा आवाज मांजरपाट टराटरा फाडावा तसा असतो, आणि मिनिटाला ६००० हा पूर्ण वेग असेल तर सेकंदाला १०० बार होतात. आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर घुमतो तोही १०० हर्ट्झलाच. फिरणाऱ्या नळ्यांचेही तसेच. सिनेमाची सेकंदाला २४ चित्रे असतात. २१ बारांच्या वेगाने दोन चित्रांदरम्यान नळ्या एका घराला थोडी कमी एवढ्या पुढे सरकतात आणि सहाही नळ्या सारख्याच असल्याने डोळ्यांना जुडगा सावकाश उलटा फिरल्यासारखा वाटायला हवा. जुन्या पाश्चात्त्य चित्रपटांतली घोडागाडीची चाके अशीच उलटी फिरत.

पण हिशेबातल्या चुका मोजून चित्रपट नापास करायचा, हे समीक्षेचे काम नव्हे असे आम्हाला वाटते. त्या दृष्टीने 'प्रेडेटर' आमच्या मते तिघांत सर्वांत खोटा आणि सर्वांत प्रामाणिक आहे. सोबती मारला गेल्यावर दुसरा सैनिक ती बंदूक उचलतो आणि समोरच्या झाडीवर रिकामी करतो. सगळे साथीदारही गोळ्या झाडतात. झाडे भुईसपाट होतात. काडतुसे संपतात, तरी नळ्या फिरतच राहतात. हा तपशील अगदी बरोबर आहे: स्वतःच्या स्फोटाच्या जोरावर चालणारी मशीनगन काडतुसे संपताच थांबते, मोटरची बंदूक बटण सोडेपर्यंत फिरते. मग धूर विरतो, शोध घेतला जातो आणि कुणालाही काही लागल्याचे दिसत नाही. पुढे कळते की शत्रूला ओरखडा उठला होता, बस्स. एवढ्या गडगडाटाचे फळ पानावरचे चार थेंब. दिग्दर्शक जॉन मॅक्टिअरनन यांनी शस्त्राचे कौतुक करता करता त्याची फजिती दाखवली आहे, आणि मुलांना नेमका हाच प्रसंग आठवत नाही.

'मेट्रिक्स' (१९९९) मध्ये बंदूक तिच्या योग्य जागी, हेलिकॉप्टरच्या दारात आहे. ६०० न्यूटनच्या रेट्याने चार टनांच्या हेलिकॉप्टरला फारसे काही होत नाही, वैमानिक ते सावरून घेतो. खाली कोसळणाऱ्या रिकाम्या पुंगळ्यांचा पाऊस मंदगतीने दाखवला आहे, तो तर सुंदरच. पण ज्याला सोडवायचे तो मॉर्फियस त्याच खोलीत खुर्चीला जखडलेला, आणि खोलीची चाळण होत असताना त्याला एकही गोळी, एकही काचेचा तुकडा लागत नाही. एका गोळीची ऊर्जा सुमारे ३४०० ज्यूल: ३५ किलोचे पोते १० मीटरवरून पडावे तेवढी. ते जग संगणकातले आहे, ही पळवाट चित्रपटाला आहे, आणि ती आम्ही मान्य करतो. तरी लक्षात घ्या, थोड्याच वेळात त्याच मॉर्फियसच्या पायाला जखम होते, ती भिंतीपलीकडून झाडलेल्या साध्या पिस्तुलाने!

खेळांत तर ही बंदूक कधीच शिरली आहे. त्यातले एक उदाहरण मात्र वर्गात न्यावे असे. 'टीम फोर्ट्रेस २' (२००७) या खेळाच्या प्रचारफितीत एक धिप्पाड गडी बढाई मारतो की त्याच्या बंदुकीचे एक काडतूस २०० डॉलरचे, वेग मिनिटाला १०,००० आणि बारा सेकंदांचा खर्च चार लाख डॉलर. मुलांना गुणाकार करू द्या. उत्तर तंतोतंत जुळते. विनोदासाठी केलेल्या फितीने खर्चाचा विषय काढला, गंभीर चित्रपटांनी नाही.

आमची खरी तक्रार 'टर्मिनेटर २' (१९९१) बद्दल आहे. येथे बंदूक यंत्रमानवाच्या हाती आहे, म्हणून वजन आणि धक्का हे दोन्ही प्रश्न जेम्स कॅमरन यांनी एका फटक्यात सोडवले. माणसे मारायची नाहीत असे त्याला एका मुलाने बजावलेले आहे. तो इमारतीच्या खिडकीतून खालच्या पोलिसांच्या गाड्यांची चाळण करतो आणि शेवटी त्याच्या डोळ्यापुढे मनुष्यहानीचा आकडा उमटतो: ०.०. प्रेक्षागृहात हशा होतो. माणसे मोजताना दशांश चिन्ह कशाला, हे आम्ही विचारत नाही. पण गोळ्यांचे काय? पत्र्यातून आरपार जाणाऱ्या, डांबरावरून उसळणाऱ्या, इंजिनाच्या ठोकळ्यावर फुटून तुकडे होणाऱ्या? मोकळ्या हवेत ही गोळी तीन किलोमीटरहून दूर जाऊ शकते, आणि गाड्यांच्या आडोशाला डझनावारी माणसे बसली आहेत. यंत्राचा नेम कितीही अचूक असला तरी गाडीला लागून उसळलेली गोळी पुढे कुणाकडे जाईल, हे त्याच्या हातात नाही.

गॅटलिंग यांनीही अशीच वजाबाकी केली होती. एक माणूस शंभरांचे काम करू लागला की सैन्ये लहान होतील आणि लढाईत व रोगराईने मरणारे कमी होतील, अशी आपली कल्पना होती, असे त्यांनी १८७७ साली एका पत्रात लिहिले. सैन्ये लहान झाली नाहीत.

मित्राने दुसऱ्या दिवशी ६०० न्यूटनचे गणित फळ्यावर मांडले. त्या मुलाने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, खालच्या जंगलात त्या गोळ्या कुणाला लागायच्या?" तास संपायला तीन मिनिटे होती. मित्र सांगतो, त्या दिवशी घंटा झाल्यावरही वर्ग बसून होता.