प्रश्नाशिवाय निबंध: मुक्ताबाई साळवे आणि आपले शोधनिबंध

(धर्मापुरी, जि. बीड येथे पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

फलकावर विषय लिहिलाय 'शोधनिबंध लेखनाची मूलतत्त्वे'. प्रस्तावना किती ओळींची, संदर्भ कसे द्यायचे, समास किती सोडायचा, हे सगळं तुम्हाला एखाद्या पुस्तिकेत अर्ध्या तासात सापडेल. मला त्याच्या आधीचं बोलायचंय. आपण ज्याला निबंध म्हणतो त्यात मुळात निबंध असतो का, हे तपासू.

दहावीपर्यंत आपण काय लिहितो? फाटक्या पुस्तकाचं मनोगत. मी पाहिलेला सूर्यास्त. सूर्य उगवला नाही तर. वाईट काही नाही त्यात, भाषेला वळण लागतं. पण एक गोष्ट बघा. या कुठल्याच विषयावर कुणी तुमच्याशी वाद घालणार नाही. सूर्यास्त सुंदर नव्हता, असं म्हणायला कोण उठणार? मग मार्क कशाचे? सुविचारांचे, दोन-चार कवितेच्या ओळींचे, अलंकारिक शेवटाचे. दहा वर्षं आपण बिनविरोध लिहायला शिकतो. मग महाविद्यालयात आल्यावर कुणीतरी सांगतं, आता शोधनिबंध लिहा. नव्या शैक्षणिक धोरणात तर पदवीलाच क्षेत्रप्रकल्प आलाय. पोरगं काय करतं? त्याच निबंधाला मथळे लावतं. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, निष्कर्ष. सूर्यास्तच, पण खोक्यात भरलेला.

चर्चासत्रांची स्मरणिका उघडून बघा. 'सदर शोधनिबंधात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.' दर दुसऱ्या निबंधात हे वाक्य असतं, आणि पुढे विश्लेषण कुठे झालं ते शोधावं लागतं. गृहीतकाच्या रकान्यात काय असतं? 'ऊसतोड कामगारांना अनेक समस्या आहेत.' आता हे खोटं ठरेल असं काही जगात घडू शकतं का? नाही. मग ते तपासण्यासारखं विधानच नाही. तीन महिने प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि निष्कर्ष काढला, ऊसतोड कामगारांना अनेक समस्या आहेत! मुकादमाला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

मग निबंध कसा असतो? मराठीतलंच उदाहरण घेऊ, आणि तेही विद्यार्थ्याचं. १८५५ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' या पत्रात एक निबंध दोन भागांत छापून आला. 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. लिहिणारी मुक्ताबाई साळवे, मांग समाजातली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. शाळेत जाऊन झाली होती जेमतेम तीन वर्षं. आपण तिचं नाव जयंतीच्या भाषणात घेतो, 'पहिली दलित लेखिका' म्हणून हार घालतो आणि पुढे जातो. तिचा निबंध निबंध म्हणून वाचतच नाही. ती युक्तिवाद कसा रचते, इकडे कुणी बघत नाही.

ती रचते कसा, ते बघा. सुरुवात देवाला उद्देशून आहे, त्या काळाची रीत म्हणून. पण लगेच ती प्रतिपक्षाचं म्हणणं मांडते. वेद आमचेच, ते इतरांनी बघूही नयेत, असं ब्राह्मण म्हणतात. बरं. हे ती खोडून काढत नाही. ते मान्य केल्यासारखं करून त्याचा पुढचा अर्थ काढते. धर्मपुस्तक आमचं नाही, ते बघायचीही आम्हाला मुभा नाही, म्हणजे आम्ही धर्माविना आहोत. तर मग देवा, आमचा धर्म कोणता ते सांग. तर्कशास्त्राच्या वर्गात ज्याला समोरच्याच्या विधानातून निष्कर्ष काढणं म्हणतात, ते या मुलीने केलंय, आणि समोरच्याची पंचाईत करून ठेवलीय. वेद सर्वांचे म्हणावं तर बंदी खोटी, बंदी खरी म्हणावं तर धर्माच्या नावाने यांच्यावर हुकूम कसा चालवता?

मग ती पुराव्याकडे येते. पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानात मांग-महारांच्या डोक्यांचा चेंडू आणि तलवारीचा दांडू होई, इमारतीच्या पायात माणसं पुरली जात, हे सांगते. नंतर स्वतःच्या काळाकडे वळते. ब्राह्मणांची मुलं दगड मारतात, रक्त निघतं, तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत. कारण? उष्टं मागायला त्यांच्याच दारी जावं लागतं. इथे मी थांबतो. ती 'अन्याय होतो' एवढं म्हणून सोडत नाही. अन्याय झाल्यावर तक्रार का होत नाही, याचं कारण देते, आणि ते कारण पोटाचं आहे. वर्णन आणि विश्लेषण यांतला फरक शिकवायला मला याच्याइतकं नेमकं उदाहरण मिळालेलं नाही. पुढे बाळंतपणाचं येतं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, ऊनपावसात त्यांचे काय हाल होत असतील ते आपल्या अनुभवावरून ताडा, आणि तुमच्यातला कोणता वैद्य आम्हाला फुकट औषध देतो, असा ती पंडितांना सरळ सवाल करते. आणि आपल्याच बाजूच्या लोकांनाही सोडत नाही. महारही मांगांना कमी लेखतात, हे लिहिते. स्वतःच्या पक्षाला गैरसोयीचं ते सांगणं, हे आजच्या किती शोधनिबंधांत दिसतं?

आता टीका करायची तर तिच्यावरही करू. पेशवाई गेली १८१८ साली, मुक्ताबाईचा जन्म त्यानंतर वीसेक वर्षांनी. म्हणजे गुलटेकडीची हकिकत ऐकीव आहे. कुणाकडून ऐकली, ते ती सांगत नाही. इंग्रजी राज्य आल्याने जुलूम थांबला, हे तिचं म्हणणंही एकाच अंगाने पाहिलेलं आहे. चौदा वर्षांच्या मुलीकडून १८५५ मध्ये तळटीपा मागायच्या नाहीत, पण आज तिचा उतारा आपण निबंधात घेतो तेव्हा 'पेशवाईत असे होत असे' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. 'पेशवाईबद्दल अशी आठवण पुण्याच्या मांगवाड्यात १८५५ साली सांगितली जात होती' असं लिहायचं. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. दुसऱ्याने तिचा मान कमी होत नाही. उलट त्या आठवणीचं वजन कळतं.

ही सवय परकी आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाने लादलीय, असं काहींना वाटतं. २०१८ च्या नियमावलीनंतर वाङ्मयचौर्याची टक्केवारी आली आणि सगळ्यांचं लक्ष दहा टक्क्यांच्या आत बसवण्याकडे लागलं. शब्द फिरवायचे, 'महत्त्वपूर्ण'चं 'मोलाचे' करायचं, झालं! पण 'हे कुणी सांगितलं' हा प्रश्न आपल्याकडे आठशे वर्षं जुना आहे. म्हाइंभटाने लीळाचरित्र केलं ते चक्रधरांना पाहिलेल्या माणसांकडे जाऊन, लीळा मिळवून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. पुढे मूळ पोथी गेल्यावर आठवणीतून पाठ उभे केले, तेव्हा एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ आढळले तर ते वेगवेगळे नोंदवून ठेवले. एकच गोड पाठ करून टाकला नाही. संदर्भ देणं म्हणजे याहून वेगळं काय?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांबद्दल एवढंच. 'निबंधमाला' १८७४ ला सुरू झाली, चौऱ्याऐंशी अंक निघाले. आपल्या शाळेने त्यांच्याकडून लांब वाक्याचा डौल उचलला आणि भांडण टाकून दिलं. चिपळूणकर सतत कुणाशी तरी भांडत होते, फुल्यांशीसुद्धा, आणि त्यांची फुल्यांवरची टीका मला अजिबात पटत नाही. पण समोर कुणीतरी आहे हे धरून ते लिहीत. ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ ची, तीही सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्यावरून बायकांना जी नावं ठेवली जात होती त्यांना उत्तर म्हणून लिहिलेली. समोर कुणी नसेल तर निबंधाला कणा येत नाही.

आता आपल्या गावाकडे या. केदारेश्वराच्या देवळावर प्रकल्प करा म्हटलं की शीर्षक ठरलेलं: 'धर्मापुरीचे प्राचीन वैभव'. वैभव होतं, कोण नाही म्हणतंय! पण गावात जुन्या दगडी देवळाला सरसकट हेमाडपंती म्हणायची पद्धत आहे. हेमाद्री यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. हे देऊळ अभ्यासक कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं धरतात, म्हणजे त्याच्या आधीचं. मग हेमाडपंती हा शब्द बांधणीची पद्धत सांगतो, काळ सांगतो, की फक्त 'जुनं' एवढंच सांगतो? हा प्रश्न झाला. याला देवळाच्या शिल्पांची मोजदाद लागेल, गावातल्या पाच म्हाताऱ्यांना विचारावं लागेल, आधी लिहिलेलं वाचावं लागेल. आणि उत्तर काय येईल ते मला आत्ता माहीत नाही. म्हणूनच तो लिहिण्याजोगा.

दुसरं उदाहरण जड आहे, पण इथे बोलायचं नाही तर कुठे बोलायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आईवडील कोयता घेऊन जातात. २०१९ मध्ये गर्भपिशव्या काढण्याच्या बातम्या आल्या. काही मथळ्यांत 'निम्म्या बायका' असे शब्द होते. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. साधारण सतरा टक्के. आता विद्यार्थी काय करतो? ज्याला भावना भडकवायच्या तो 'निम्म्या' उचलतो, ज्याला झाकायचंय तो 'फक्त सतरा' म्हणतो. अभ्यास करणाऱ्याने आधी विचारायचं: निम्म्या म्हणजे कुठल्या निम्म्या? ती बातमी ठरावीक गावांची होती, समितीची पाहणी जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. मग काही गावांत प्रमाण इतकं जास्त का, हा पुढचा प्रश्न. गावाजवळ कोणते दवाखाने आहेत? उचल किती घेतलेली असते? पाळीच्या दुखण्याने एक दिवस घरी राहिलं तर खाड्याचे पैसे किती कापले जातात? मुक्ताबाईने दगड खाऊनही तक्रार का होत नाही ते उष्ट्यापाशी नेऊन शोधलं. इथे ते खाड्यापाशी सापडेल का? असेल, नसेल. 'शस्त्रक्रियेचा निर्णय आणि खाड्याची रक्कम यांचा संबंध आहे' हे विधान खोटं ठरू शकतं. याला म्हणतात तपासण्याजोगं गृहीतक.

(श्रोत्यांतून एका विद्यार्थिनीने विचारले: निबंधात 'मी' लिहू नये असे आम्हाला सांगितले जाते. माझ्या घरचाच अनुभव असेल तर तो कसा लिहायचा?)

चांगलं विचारलंस, ताई. 'प्रस्तुत संशोधिकेस असे आढळून आले' असं लिहिलं म्हणून कुणी तटस्थ होत नाही. तू 'मी' लिही. पण तीन गोष्टी पाळ. काय पाहिलं ते सांगताना कधी, कुठे, कुणाच्या टोळीत ते सांग, नावं बदलून. आईला आधी विचार, हे लिहू का म्हणून, आणि ती नको म्हणाली तर लिहू नकोस. आणि तुझ्या घरात घडलं ते सगळ्या टोळीत घडतं, असं त्यावरून म्हणू नकोस. तुझ्या घराने प्रश्न दिलाय. उत्तरासाठी तुला दुसऱ्या तीस घरांत जावं लागेल, आणि तिथल्या बायका तुला जे सांगतील ते बाहेरून आलेल्या संशोधकाला कदाचित सांगणार नाहीत. त्या तुला ओळखतात म्हणून काही गोष्टी लपवतीलही, तेही पद्धतीच्या प्रकरणात लिहून टाक. मुक्ताबाईचा निबंध आज रात्री वाच, दहा-पंधरा मिनिटांत होतो. मग पहिला परिच्छेद लिही आणि उद्या इथे घेऊन ये. मथळे नकोत.