जुहूचे विमान आणि टपालाची थैली

१५ ऑक्टोबर हा दिवस शाळांच्या फलकावर आता दोन कारणांनी येतो. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो, ती वरची ओळ. दिनविशेष लिहिणारे गुरुजी किंवा बाई हौशी असतील तर खाली आणखी एक ओळ असते: १९३२ साली याच दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला विमान आणले. ही दुसरी ओळ कशी लिहिली जाते आणि तिच्या आधारे मुलांच्या चरित्रपुस्तिकांत व वक्तृत्व स्पर्धांत कोणती गोष्ट सांगितली जाते, याविषयी थोडे बोलायचे आहे.

गोष्टीचा साचा ठरलेला आहे. फ्रान्समध्ये विमाने पाहून भारावलेला मुलगा, देशातला पहिला वैमानिक-परवाना, डोळ्यांवर गॉगल, हाताशी स्लाइड रूल, एका इंजिनाचे चिमुकले विमान आणि दुपारी जुहूला टाळ्यांचा कडकडाट. चार मिनिटांच्या भाषणात ही गोष्ट नेमकी बसते. मुलांना ती आवडते आणि आवडण्यासारखी आहेच. त्यातले धाडसही खोटे नाही. त्या ‘पुस मॉथ’ विमानात बिनतारी संदेशयंत्र नव्हते. जमिनीवरून वाट दाखवणारी कोणतीही सोय नव्हती. दिशा, वेग, वारा आणि घड्याळ यांचे गणित मांडत जायचे, एवढेच. ताशी १६० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला बाजूने ताशी २० किलोमीटरचा वारा लागला आणि वैमानिकाने तो धरलाच नाही, तर दोन तासांत विमान वाटेपासून ४० किलोमीटर भरकटते. स्लाइड रूल तिथे लागतो. मात्र भाषणात तो गॉगलसारखाच दागिना म्हणून येतो, त्याने काय केले ते येत नाही.

साच्यातल्या ढोबळ चुका आधी बाजूला काढू. ‘भारतातील पहिले प्रवासी विमान’ हे वाक्य मी फलकांवर वाचले आहे. त्या दिवशी विमानात प्रवासी नव्हता, टपाल होते. ‘पहिले भारतीय वैमानिक’ हेही बरोबर नाही. १० फेब्रुवारी १९२९ चा तो परवाना भारतात दिला गेलेला पहिला परवाना होता. पण इंद्रलाल रॉय हा बंगाली तरुण १९१८ मध्येच पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवत होता आणि त्यातच मारला गेला. ‘हवाई टपालाची सुरुवात’ म्हणावे, तर तीही आपल्याकडे १८ फेब्रुवारी १९११ रोजी झाली होती. आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे नेली. जगातले ते पहिले अधिकृत हवाई टपाल. आणि लंडनहून कराचीपर्यंत ‘इम्पीरियल एअरवेज’ची विमाने १९२९ पासून येतच होती. टाटांनी जोडला तो त्यापुढचा दुवा: कराची, अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी, मद्रास.

या चुका डस्टरने पुसता येतील. माझी खरी तक्रार निराळी आहे. धाडसाच्या गोष्टीत ‘विमान कोणी चालवले’ हे सांगून होते. ‘विमानात काय होते आणि त्याचे पैसे कोण देत होते’ हे कोणी विचारत नाही. जगातल्या विमान कंपन्यांचा आरंभ समजून घ्यायचा तर आधी हाच प्रश्न विचारावा लागतो.

पुस मॉथ रिकामे असताना ५७४ किलो वजनाचे होते आणि भरून जास्तीत जास्त ९३० किलोचे होऊ शकत होते. म्हणजे वैमानिक, पेट्रोल, तेल आणि माल हे सगळे ३५६ किलोत बसवायचे. वैमानिक आणि इंधन वजा केल्यावर उरते ते वजन दोन सडपातळ प्रवाशांचे. अशा विमानावर कंपनी चालवायची तर दर किलोमागे सर्वांत जास्त पैसे देणारा माल हवा. सत्तर किलोचा एक प्रवासी एकच तिकीट काढतो. सत्तर किलो पत्रे म्हणजे, पत्र दहा ग्रॅमचे धरले तर, सात हजार पत्रे. प्रत्येक पत्रामागे कंपनीच्या हाती समजा एक आणाच आला तरी सात हजार आणे, म्हणजे ४३७ रुपयांहून जास्त होतात. शिवाय पत्राला मळमळत नाही, खुर्ची लागत नाही, आणि अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून येईपर्यंत ते कुरकुरत नाही.

याची दुसरी बाजू अमेरिकेत दिसते. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्ग ते टॅम्पा अशी वेळापत्रकानुसार प्रवासी नेणारी जगातली पहिली विमानसेवा सुरू झाली. पहिल्या जागेचा लिलाव ४०० डॉलरला गेला. पुढच्या काही महिन्यांत हजारावर लोकांनी प्रवास केला, आणि पर्यटनाचा हंगाम संपताच सेवा बंद पडली. त्याच देशात १९२५ मध्ये सरकारने टपाल वाहण्याची कंत्राटे खासगी कंपन्यांना देण्याचा कायदा केला. पुढे नावारूपाला आलेल्या अनेक अमेरिकी कंपन्या त्या कंत्राटांतून उभ्या राहिल्या. कौतुकाने गर्दी केलेल्या प्रवाशांच्या जिवावर जे जमले नाही, ते टपालाच्या थैलीने केले.

आता आपल्याकडचे आकडे पाहा. पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केले, सुमारे १० टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले, आणि ६०,००० रुपये नफा झाला. गुंतवणूक सुमारे दोन लाखांची होती. इम्पीरियल एअरवेजला ब्रिटिश सरकार मोठे अनुदान देत होते. टाटांना सरकारकडून अनुदान नव्हते. म्हणजे कमाई मुख्यतः वाहिलेल्या टपालावरच. हे आकडे आठवी-नववीच्या वर्गात घेऊन बसावे असे आहेत. सेवा आठवड्यातून एकदा, जाऊन-येऊन. म्हणजे वर्षाला १०४ खेपा. १० टनांना १०४ ने भागा, खेपेला जेमतेम ९५ किलो टपाल येते. नकाशावर दोरा ठेवून कराचीपासून मद्रासपर्यंत थांबे घेत अंतर मोजा, १०४ ने गुणा, आणि १,६०,००० मैलांशी ताडून पाहा. उत्तर कमी पडते. सरळ ताणलेला दोरा आणि प्रत्यक्ष उडालेले विमान यांत फरक का पडावा, यावर एक तास सहज जातो. ‘थोर उद्योगपतींनी देशाला पंख दिले’ या वाक्यावर पाच मिनिटेही जात नाहीत.

साच्यातून गळालेली माणसे हा दुसरा मुद्दा. या टपालसेवेची कल्पना घेऊन १९२९ मध्ये टाटांकडे आला तो नेव्हिल व्हिन्सेंट, एक माजी ब्रिटिश लष्करी वैमानिक. योजना सरकारदरबारी तीन वर्षे रखडली. थोरले सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते. जॉन पीटरसन या टाटांच्या अधिकाऱ्याने त्यांचे मन वळवले. १५ ऑक्टोबरला जे. आर. डीं.नी विमान जुहूला आणल्यावर मद्रासची पुढची वाट व्हिन्सेंटनेच उडवली. १९४२ मध्ये युद्धकाळात विमानप्रवासातच तो गेला. जे. आर. डीं.नी त्याचे श्रेय कधी दडवले नाही. आर. एम. लाला यांनी लिहिलेल्या १९९२ च्या इंग्रजी चरित्रातही व्हिन्सेंट आहे. दडवले ते आपल्या पुस्तिकांनी, तेही वाईट हेतूने नव्हे. एका गोष्टीत एकच नायक मावतो म्हणून. पण विज्ञान शिकवणाऱ्याने ही सोय स्वीकारावी का? एकट्या माणसाने एका दिवसात केलेली गोष्ट म्हणून जे जे आपण सांगतो, त्यातून मुलांच्या मनात तंत्रज्ञानाची एक चुकीची व्याख्या रुजते. एकदा उडणे हा पराक्रम आहे. दर आठवड्याला, ठरल्या वेळी, त्याच वाटेने उडणे ही विमानसेवा आहे, आणि तिला मेकॅनिक लागतो, पेट्रोलचा पुरवठा लागतो, हवामानाची समज लागते.

हवामानावरून आमच्या मावळाकडे येतो. जुहूचे त्या वेळचे ‘विमानतळ’ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट होती. पावसाळ्यातल्या उधाणाच्या भरतीत धावपट्टी पाण्याखाली जाई. मग दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असे सगळे बिऱ्हाड पुण्याला हलत असे. तिथे येरवड्याच्या तुरुंगाशेजारचे मैदान त्यांना वापरायला मिळाले होते. जे. आर. डी. हा किस्सा मोठ्या खुशीत सांगत. मराठी पुस्तिकांत तो आलाच तर तुरुंगाच्या विनोदापुरता येतो. ‘पुणेच का?’ असा प्रश्न कोणी विचारत नाही. आपल्या मुलांना, विशेषतः पुणे जिल्ह्यातल्या, या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाशिवाय देता येते.

वराळे गाव इंद्रायणीकाठी, तळेगाव दाभाड्याला लागून. इथल्या मुलांना ठाऊक असते की गावात नुसती भुरभुर असताना नदी मात्र गढूळ होऊन चढते, कारण पाऊस वर लोणावळ्याला कोसळत असतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर पुण्यात सातशेच्या आसपास. समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते, घाटमाथ्यावर पाणी टाकते आणि पूर्वेच्या उताराला कोरडी होत जाते. पर्जन्यछायेचा धडा भूगोलात पाठ केलेला असतो. त्याचा उपयोग करून एक विमान कंपनी दर पावसाळ्यात मुक्काम बदलत होती, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. पुण्याचे मैदान पाण्याखाली जात नव्हते हे खरे, पण बदल्यात काही द्यावेही लागे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते, त्यामुळे पंखांना तेवढीच उचल मिळण्यासाठी विमानाला जमिनीवरून अधिक धाव घ्यावी लागते आणि इंजिनाची ताकदही थोडी उतरते. शिवाय मुंबईकडून यायचे तर मधे घाटमाथा, आणि आषाढात तो ढगात बुडालेला. वैमानिकाला वाट डोळ्यांनीच पाहायची होती. राजमाचीला पावसाळ्यात गेलेल्या कोणालाही विचारा, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

साच्यातली गोष्ट टाळ्यांशी संपते, म्हणून पुढचेही निसटते. टपालाच्या जोरावर जाळे वाढत गेले: १९३५ मध्ये मुंबई-त्रिवेंद्रम, १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली. १९३८ मध्ये साम्राज्यातली पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने नेण्याची योजना भारतापर्यंत आली आणि टपालाचे वजन एकदम वाढले. १९४६ मध्ये कंपनीचे नाव एअर इंडिया झाले, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा टाटांकडे गेली. या शेवटच्या घटनेच्या वेळी जुहूची गोष्ट सगळीकडे नव्याने छापली गेली. छायाचित्र तेच, मजकूर तोच.

याच इतिहासातले एक प्रकरण महाराष्ट्राच्या भूमीवर घडले आणि माझ्या मते ते जुहूइतकेच शिकवण्याजोगे आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवई. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर डाकोटा विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, आणि सकाळपर्यंत चारही शहरांत बाकी तिन्ही शहरांचे टपाल पोचलेले असे. त्याच वर्षी १ एप्रिलपासून, विमानाने लवकर पोचणार असेल तर देशांतर्गत पत्र जादा पैसे न घेता विमानानेच पाठवण्याचे धोरण आले.

मुलांना फळ्यावर चार ठिपके काढायला सांगा. प्रत्येक ठिपका प्रत्येकाशी जोडायचा तर सहा रेषा लागतात. मध्ये नागपूर धरले तर चार पुरतात. शहरे दहा केली तर सरळ जोडणीला पंचेचाळीस रेषा, आणि मध्यावरून फक्त दहा. जगभरच्या मोठ्या विमान आणि कुरिअर कंपन्या पुढे याच हिशेबाने आपली केंद्रे उभारू लागल्या. नागपूरला हा हिशेब कंदिलासारख्या दिव्यांच्या उजेडात, झोपमोड झालेल्या टपाल कर्मचाऱ्यांनी रोज रात्री सोडवला. त्यात गॉगल घातलेला कोणी नव्हता आणि टाळ्या वाजवायला धावपट्टीवर कोणी उभे नव्हते. ३० जानेवारीच्या फलकावर हुतात्मा दिनाची ओळ असते आणि असायलाच हवी. तिच्याखाली नागपूरसाठी एका ओळीची जागा नेहमीच रिकामी राहते.