'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग' : एका उपमेची परीक्षा

१

शास्त्रीय विषयावरील अध्यापनपर ग्रंथाचे मूल्यमापन बहुधा दोनच कसोट्यांवर केले जाते. त्यातील माहिती अचूक आहे काय, आणि ती सुबोध रीतीने मांडली आहे काय? या दोन्ही कसोट्या आवश्यक खऱ्या, परंतु पुरेशा नव्हेत. ग्रंथ मिटल्यानंतर विद्यार्थ्याच्या मनात विषयाचे जे चित्र उरते ते खरे की खोटे, ही तिसरी कसोटी अधिक कठोर होय. कारण माहिती कालांतराने विस्मृतीत जाते, चित्र मात्र हाताला वळण लावून जाते. सी भाषेतून सॉकेटच्या द्वारे दोन संगणकांत संपर्क घडवून आणण्याच्या विद्येवर जे ग्रंथ झाले, त्यांत डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या 'युनिक्स नेटवर्क प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाला या तिसऱ्या कसोटीवर कोणते स्थान मिळते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

स्टीव्हन्स यांचा जन्म १९५१ साली, आज झांबियात असलेल्या लुआन्शा या गावी झाला. प्रस्तुत ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९० साली निघाली. पुढे ग्रंथकाराने विषयाची खंडशः पुनर्रचना आरंभिली आणि सॉकेटविषयक पहिला खंड १९९८ साली प्रसिद्ध झाला. १ सप्टेंबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाल्यामुळे नियोजित तिसरा खंड अपुराच राहिला. पहिल्या खंडाची तिसरी आवृत्ती बिल फेनर व अँड्र्यू रुडॉफ यांनी २००३ साली सिद्ध केली. या लेखातील विवेचन मुख्यतः पहिल्या खंडास अनुलक्षून आहे.

२

सॉकेटची रचना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत झाली आणि १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्स-आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोचली. तिच्या मुळाशी एक उपमा आहे. युनिक्समध्ये फाइल उघडली म्हणजे कार्यप्रणाली कार्यक्रमाच्या हाती एक लहानसा पूर्णांक देते, आणि त्या अंकाच्या आधारे 'रीड' व 'राइट' ही कार्ये चालतात. बर्कलीच्या रचनाकारांनी दूरस्थ यंत्राशी असलेल्या जोडणीलाही असाच अंक दिला. ज्याला फाइल वाचता येते त्याला आता जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलता यावे, असा त्यातील आशय होता. उपमा अत्यंत फलदायी ठरली, यात संशय नाही.

तथापि फलदायी उपमा सर्वांगाने सत्य असतेच असे नाही. फाइल उघडण्यास एक कार्य पुरते. सर्व्हरला मात्र 'सॉकेट', 'बाइंड', 'लिसन' आणि 'अॅक्सेप्ट' अशा चार पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणजे उपमा उंबरठ्यावरच अडखळते. त्याहून महत्त्वाचा भेद पुढे आहे. फाइल मौन राहत नाही, मध्येच मरत नाही. पलीकडचा पक्ष ही दोन्ही कामे करू शकतो. शिवाय टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. त्यात संदेशांच्या सीमारेषा नसतात. एका पक्षाने एकदा 'राइट' केले म्हणजे दुसऱ्याच्या एका 'रीड'मध्ये तेवढेच हाती येईल, असा कोणताही करार तेथे नाही.

परिचयपर पुस्तिकांतून नेमका हाच करार गृहीत धरला जातो. क्लायंट एकदा पाठवितो, सर्व्हर एकदा वाचतो, पडद्यावर अभिवादनाचे वाक्य उमटते आणि धडा संपतो. प्रयोगशाळेत दोन्ही कार्यक्रम बहुधा एकाच यंत्रावर चालतात; मजकूर छोटा असल्याने तो अखंड पोचतो; आणि विद्यार्थी या योगायोगाला नियम समजतो. कार्यक्रम चालला हीच तो बरोबर असल्याची साक्ष, अशी समजूत एकदा रुजली की ती पुढे प्रत्यक्ष व्यवसायात, दुसऱ्याच्या पैशांच्या वा औषधांच्या नोंदी वाहणाऱ्या कार्यक्रमांत, अर्धवट वाचलेल्या संदेशाच्या रूपाने प्रकट होते. असा दोष नित्य दिसत नाही; जाळ्यावर ताण असताना क्वचित् दिसतो, आणि म्हणूनच तो शोधणे दुर्घट होते.

स्टीव्हन्स यांचे वेगळेपण त्यांच्या पहिल्याच उदाहरणात दिसते. सर्व्हरकडून दिनांक व वेळ मागणारा हा छोटासा क्लायंट आहे. उत्तर येते ते अवघ्या २६ बाइटांचे. एवढ्याशा उत्तरासाठीही ग्रंथकार 'रीड'चे आवर्तन करतो, आणि हे २६ बाइट एका खेपेत येतील त्याचप्रमाणे एकेक करून २६ खेपांतही येऊ शकतील, असे तेथेच बजावतो. विद्यार्थ्याच्या मनात खोटे चित्र उमटण्यापूर्वीच ते पुसण्याची ही दक्षता होय.

३

ग्रंथाचे खरे मर्म मात्र पाचव्या प्रकरणात आहे. येथील विषय दिसावयास क्षुल्लक आहे. क्लायंटने एक ओळ पाठवावी आणि सर्व्हरने तीच परत करावी, एवढेच. सामान्य ग्रंथकार हे प्रकरण दोन-तीन पृष्ठांत आटोपता. स्टीव्हन्स मात्र कार्यक्रम सिद्ध करून तो चालवून दाखवितात आणि त्यानंतर त्याच्यावर एकामागून एक संकटे आणतात.

प्रत्येक क्लायंटसाठी सर्व्हर एक अपत्य-प्रक्रिया निर्माण करतो. ती संपल्यावर तिची दखल न घेतल्यास ती 'झोंबी' होऊन यादीत पडून राहते. म्हणून सिग्नल आल्याबरोबर 'वेट' करणारे कार्य लिहिले जाते. उपाय पुरेसा वाटतो. लगेच ग्रंथकार पाच जोडण्या एकदम तोडून दाखवितात. सिग्नल रांगेत साठत नसल्याने ते कार्य एकदाच चालते आणि चार झोंबी मागे उरतात. मग 'वेटपिड'चे आवर्तन योजावे लागते. पहिला उपाय चुकीचा का होता हे कळल्यावाचून दुसऱ्याची किंमत कळत नाही, हे येथील अध्यापनतत्त्व आहे.

पुढचे संकट अधिक सूक्ष्म आहे. सर्व्हरची अपत्य-प्रक्रिया मारली जाते. जोडणी संपल्याची वार्ता क्लायंटच्या यंत्रापर्यंत पोचतेही. परंतु कार्यक्रम त्या वेळी कळफलकाकडे डोळे लावून बसलेला असल्याने ती त्याला कळत नाही. दाराशी निरोप्या उभा आहे आणि घरधनी परसदारी वाट पाहत आहे, अशी ही अवस्था आहे. दोन दिशांकडे एकाच वेळी लक्ष ठेवण्याची गरज येथे स्वाभाविकपणे उत्पन्न होते, आणि पुढील प्रकरणातील 'सिलेक्ट' हे त्या गरजेचे उत्तर म्हणून येते. नवे साधन आधी व त्याचा उपयोग मागून, हा पाठ्यपुस्तकांचा रूढ क्रम येथे उलटला आहे. त्याच प्रकरणात, एक बाइट पाठवून गप्प बसणारा एकच क्लायंट पूर्ण ओळीची वाट पाहणाऱ्या सर्व्हरला सर्वांसाठी निकामी करू शकतो, हेही दाखविले आहे.

सर्व्हरचे यंत्रच बंद पडले तर काय? तेव्हा वार्ताही येत नाही. बर्कली-परंपरेतील टीसीपी तोच मजकूर बारा वेळा पुन्हा पाठवून सुमारे ९ मिनिटांनी हार मानते. हा आकडा वाचल्यावर विद्यार्थ्याला प्रथमच उमगते, की जाळ्यावरील मौनाला स्वतःचा अर्थ नसतो. तो काळमर्यादा ठरवून द्यावा लागतो.

४

याच प्रकरणाच्या शेवटी एक उदाहरण येते, ते या ग्रंथातील सर्वोत्तम मानावे लागेल. क्लायंट दोन पूर्णांक मजकुराच्या रूपात न पाठविता यंत्राच्या स्मृतीत असतात तसेच पाठवितो आणि सर्व्हर बेरीज परत करतो. दोन यंत्रांची बाइटक्रमाची रीत परस्परविरुद्ध आहे. एक महत्तम बाइट आधी ठेवते, दुसरे लघुतम. या दोन रीतींना डॅनी कोहेन यांनी १९८० साली जी नावे दिली ती, अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून भांडणाऱ्या, स्विफ्टच्या १७२६ मधील 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील पक्षांवरून घेतलेली आहेत.

आता १ आणि २ पाठविले असता उत्तर ३ येते. कार्यक्रम बरोबर आहे असे कोणीही म्हणेल. परंतु उणे २२ आणि उणे ७७ पाठविले असता उणे ९९ऐवजी उणे १६७७७३१४ हे उत्तर मिळते. कारण असे, की जाताना बाइट उलटे झाले आणि येताना पुन्हा उलटे झाले. पहिल्या बेरजेत हातचा आलाच नाही, म्हणून दोन चुकांनी एकमेकींना झाकले. दुसरीत हातचा आला आणि तो भलत्याच शेजाऱ्याकडे गेला. चुकीचा कार्यक्रम काही वेळा बरोबर उत्तर देतो, हे सत्य एवढ्या थोड्या अंकांत क्वचितच कोणी पटवून दिले असेल. परीक्षकाने केवळ १ आणि २ देऊन गुण द्यावेत, ही प्रथा किती फसवी आहे याचेही हे उदाहरण ठरते.

५

ग्रंथ निर्दोष आहे असे मात्र नव्हे. त्याचा सर्वांत मोठा दोष त्याच्या सर्वांत मोठ्या सोयीत दडलेला आहे. प्रत्येक कार्याचे अपयश तपासण्याचा भार टाळण्यासाठी ग्रंथकाराने मोठ्या अक्षराने आरंभ होणारी आवरण-कार्ये योजली आहेत. 'रीड'चे आवरण अपयश आल्यास संदेश छापून संपूर्ण प्रक्रियाच संपविते. यामुळे पृष्ठावरील कार्यक्रम आटोपशीर दिसतो. परंतु जो ग्रंथ अपयशाचेच शिक्षण देतो, त्याने अपयशाचा निर्णय एका अक्षराच्या आकारात लपवावा, हा अंतर्विरोध आहे. एका जोडणीतील व्यत्ययासाठी सगळा सर्व्हर संपणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभाच राहत नाही. ग्रंथकाराला याची जाणीव होती हे खरे. सिग्नलमुळे 'अॅक्सेप्ट' खंडित होण्याचा प्रसंग येताच ते आवरण काढून मूळ कार्य वापरतात. परंतु पाने उतरवून घेणारा वाचक ही सूक्ष्मता पाळतोच असे नाही. तीच गोष्ट त्यांच्या स्वतःच्या शीर्ष-फाइलची. ती समाविष्ट केली की कार्यप्रणालीला नेमके काय लागते हे दृष्टीआड होते.

काळाने आणलेल्या उणिवा वेगळ्या मोजाव्या लागतील. 'सिलेक्ट'च्या संचाची मर्यादा पुष्कळ प्रणालींवर १०२४ असते. हजारो जोडण्या सांभाळणाऱ्या सर्व्हरांत लिनक्सवर तिची जागा 'ईपोल'ने घेतली आहे, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला अन्यत्र जावे लागते. उलट तिसऱ्या आवृत्तीत एससीटीपीचा समावेश झाला, ही भर केवळ अद्ययावतपणाची नव्हे. संदेशांच्या सीमा राखणारी ती विश्वसनीय पद्धती टीसीपीशेजारी ठेवली, म्हणजे प्रवाह हा जाळ्याचा निसर्गधर्म नसून रचनाकारांनी केलेली एक निवड आहे, हे आपोआप स्पष्ट होते.

६

एवढ्या मोठ्या ग्रंथाची नवशिक्याला गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. आरंभ सोपा असावा, गुंतागुंत मागाहून यावी, हे म्हणणे सामान्यतः मान्य होण्याजोगे आहे. परंतु सोपे आणि खोटे यांत भेद केला पाहिजे. २६ बाइटांसाठी आवर्तन लिहिणे कठीण नाही. त्याला दोन ओळी अधिक लागतात. आवर्तन न लिहिण्याने सोपेपणा येत नाही, केवळ सत्य एका सत्रापुरते पुढे ढकलले जाते, आणि ते सत्र पुष्कळदा येतच नाही.

स्टीव्हन्स यांनी फाइलची उपमा नाकारली नाही. ती कोठपर्यंत खरी आहे हे त्यांनी कार्यक्रम चालवून, तोडून आणि पुन्हा चालवून दाखविले. ज्या प्रयोगशाळेत त्यांचा संपूर्ण ग्रंथ अभ्यासणे शक्य नसेल, तेथे निदान पाचवे प्रकरण वाचले जावे आणि परीक्षेत चालू कार्यक्रमाबरोबरच मध्येच तुटलेल्या जोडणीचेही उत्तर मागितले जावे. विद्यार्थ्याने आपला सर्व्हर स्वतःच्या हाताने मारून पाहावा; पलीकडे काय घडते ते त्यानंतरच त्याला खऱ्या अर्थाने कळेल.