टू स्टुपिड डॉग्ज
दोन मठ्ठ कुत्र्यांच्या फजित्यांवर आधारलेली अमेरिकन विनोदी व्यंगपट-मालिका. डॉनव्हन कुक हे तिचे जनक असून हॅना-बार्बेरा ह्या संस्थेने तिची निर्मिती केली. टीबीएस ह्या दूरचित्रवाणी-वाहिनीवर ५ सप्टेंबर १९९३ रोजी तिचे प्रक्षेपण सुरू झाले व १९९५ मध्ये ती संपली. प्रत्येक अर्ध्या तासाच्या भागात सामान्यतः ह्या कुत्र्यांच्या दोन कथा आणि त्यांच्या दरम्यान सीक्रेट स्क्विरल ह्या १९६५ मधील हेर-खारीची नव्या रूपातील एक कथा, अशी मांडणी असे.

दोन्ही कुत्र्यांना नावे नाहीत. मोठा कुत्रा धनगरी जातीचा, संथ व मितभाषी. तो बोलतो ते बहुधा खाण्याविषयीच. लहान कुत्रा डॅक्सहुंड जातीचा, बडबड्या, उतावीळ आणि मांजराला भिणारा. त्यांना अनुक्रमे ब्रॅड गॅरेट व मार्क शिफ ह्यांनी आवाज दिला. लॉरेल आणि हार्डी ह्यांच्यासारख्या जोड्यांमध्ये एकजण दुसऱ्याहून आपण शहाणे आहोत, असे समजतो आणि त्या भ्रमातून विनोद निर्माण होतो. येथे मात्र दोघांची बुद्धी सारखीच तोकडी आहे. त्यामुळे एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येत नाही. दुकानाचे आपोआप उघडणारे दार इतरांसाठी उघडते, पण आपल्याला आत कसे जाता येईल, हे त्यांना उमगत नाही. एवढ्याशा प्रसंगावर एक संपूर्ण कथा उभी राहते.

ह्या मूर्खपणात दुष्टावा नाही आणि त्याला शिक्षाही नाही. ही-मॅन अँड द मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स (१९८३–८५) ह्यासारख्या, खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांत कथेच्या शेवटी बालप्रेक्षकांना नीतिपाठ दिला जाई. टू स्टुपिड डॉग्ज मधील कुत्रे अनुभवातून काहीच शिकत नाहीत आणि प्रेक्षकालाही काही शिकवीत नाहीत. विनोद हा उपदेशाचे साधन नसून स्वतंत्र कला आहे, ही जाणीव मालिकेच्या मुळाशी आहे. तिचे खरे मोल त्यातच आहे.

मालिकेची चित्रशैलीही ह्या दृष्टीला अनुरूप आहे. विल्यम हॅना (१९१०–२००१) व जोसेफ बार्बेरा (१९११–२००६) ह्यांनी मेट्रो-गोल्डविन-मायर ह्या चित्रपटसंस्थेत टॉम अँड जेरी हे व्यंगपट विपुल चित्रे वापरून केले होते. १९५७ मध्ये त्या संस्थेचा व्यंगपट-विभाग बंद पडल्यावर दूरचित्रवाणीच्या अल्प खर्चासाठी त्यांनी मर्यादित ॲनिमेशनचा अवलंब केला. त्यात पात्राचे धड स्थिर ठेवून केवळ तोंड वा हातपाय हलविले जात. पुढे काटकसरीच्या ह्या तंत्राला साचेबंदपणा आला. कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तंत्र जाणीवपूर्वक वापरले. जाड रेषा, सपाट रंग व मोजकी पार्श्वभूमी ह्यांतून यूपीए संस्थेच्या १९५० च्या दशकातील व्यंगपटांचे संस्कार दिसतात. मोठा कुत्रा दीर्घकाळ निश्चल उभा राहतो, तेव्हा ती निश्चलता काटकसर न वाटता त्याच्या स्वभावाचा भाग वाटते.

मालिकेत दोषही आहेत. दरवेळी नव्या व्यवसायात प्रकटणारा, दणदणीत आवाजाचा हॉलिवुड आणि एखादा शब्द अकारण ओरडून उच्चारणारी, मंद दृष्टीची रेड ही पात्रे प्रारंभी गंमत आणतात. परंतु त्यांच्या ठराविक लकबींच्या पुनरावृत्तीने हास्य ओसरते. काही कथांत एकच कल्पना तिच्या ताकदीपलीकडे ताणलेली आहे. त्या मानाने सीक्रेट स्क्विरलच्या कथा, निश्चित कामगिरी व खलपात्र ह्यांमुळे, रचनेत अधिक बांधीव आहेत. मात्र बांधीवपणाने जे साधते, त्याहून वेगळे असे काही कुत्र्यांच्या सैल कथांत आहे : घटना जवळजवळ नसतानाही हसविण्याचे धाडस.

क्रेग मॅक्‌क्रॅकन, गेंडी टार्टाकोव्हस्की आदी तरुण चित्रकारांनी ह्या मालिकेवर काम केले. पुढे टार्टाकोव्हस्की ह्यांची डेक्स्टर्स लॅबोरेटरी (१९९६) व मॅक्‌क्रॅकन ह्यांची द पॉवरपफ गर्ल्स (१९९८) ह्या मालिका गाजल्या. त्यांतील ठळक रेषा व भौमितिक आकार ह्यांचे पूर्वरूप येथे आढळते. नंतरच्या ह्या यशामुळे टू स्टुपिड डॉग्ज कडे केवळ पूर्वतयारी म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसते. ती न्याय्य नाही. जुन्या संस्थेच्या मर्यादांनाच शैलीचे रूप देणारी आणि निर्बुद्धतेतील निरागसता जपणारी स्वतंत्र कृती म्हणून तिचे महत्त्व आहे.