शब्दप्रमाण आणि मॅन्युअलचं पान

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाण पाहिलं. जे जसं आहे ते तसं सांगणारा तो आप्त, आणि त्याचं वाक्य प्रमाण, असं नैयायिक मानतात. आज हीच कसोटी आपण एका आधुनिक ग्रंथप्रकाराला लावू: युनिक्ससारख्या मुक्त संगणक-प्रणालींच्या मॅन्युअलना.

या परंपरेचा आरंभ नोव्हेंबर १९७१ चा. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं. ठरलेले मथळे, आणि त्यांत एक मथळा 'बग्ज' असा. आता हे बघा: आपल्या वस्तूचे दोष आपल्याच पुस्तकात, नेमून दिलेल्या जागी नोंदवायचे. यथार्थ बोलणं म्हणजे दुसरं काय?

हा वारसा आज सर्वांत चोख जपला आहे तो ओपनबीएसडीने, असं आमचं मत आहे. कारण व्यवस्थेत आहे. तिथे कर्नल, मूळ आज्ञा आणि त्यांची मॅन-पानं एकाच सोर्समध्ये नांदतात. प्रोग्रामचं वागणं बदललं की पानही बदलायचं, आणि पानातली चूक ही प्रोग्राममधल्या चुकीसारखीच चूक धरायची, हा तिथला दंडक.

आता जीएनयू-लिनक्सकडे वळू. इथे कर्नल एकाचं, आज्ञा दुसऱ्याच्या, आणि सगळ्यांची मोट बांधणारा डिस्ट्रिब्युशनवाला तिसराच. त्यात जीएनयूने अधिकृत लेखनासाठी टेक्सइन्फो निवडलं. म्हणून 'मॅन एलएस' म्हटलं की पर्यायांची यादी मिळते, आणि शेवटी सांगितलं जातं की संपूर्ण माहिती 'इन्फो'त पाहा. ते पानही 'हेल्प'च्या मजकुरावरून यंत्राने बेतलेलं. यंत्राने यादी होते; विवरण होत नाही.

पण सरसकट निंदा अन्यायाची ठरेल. लिनक्सच्या मॅन-पेजेस प्रकल्पातली सिस्टम कॉलची पानं पाहा. किती बारकाईने लिहिली आहेत! मायकेल केरिस्क यांनी तो प्रकल्प वर्षानुवर्षं सांभाळला. म्हणजे काय, तर जिथे कुणीतरी जबाबदार आहे तिथे आप्तही आहे.

उलट, प्रश्न ओपनबीएसडीलाही विचारला पाहिजे. ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी सांगण्याची आपल्याकडे रीत होती. मॅन-पानाचा अधिकारी कोण? ज्याला आज्ञेचं नाव आधीच ठाऊक आहे तो. 'अप्रोपो'ने शोधता येतं हे खरं, पण शोधायलाही नेमका शब्द लागतो ना! फ्रीबीएसडीने मॅन-पानांच्या जोडीला 'हँडबुक' ठेवलं, ज्यात काय करायचं आहे तिथून सुरुवात होते. दोन अधिकारी, दोन ग्रंथ. हा विवेक आम्हाला मोलाचा वाटतो.

एवढा खल कशासाठी? मुक्त सॉफ्टवेअर चार स्वातंत्र्यं देतं, त्यांत अभ्यासाचं एक आहे. मॅन्युअल धड नसेल तर हे स्वातंत्र्य जाणत्यांपुरतंच उरतं. बाकीचे कुणा अनोळखी माणसाच्या, तारीख नसलेल्या उत्तरातली ओळ उचलतात आणि रूट होऊन चालवतात. चालली तर ठीक. का चालली ते कळत नाही. त्याला ज्ञान म्हणता येत नाही, ती भाबडी श्रद्धा झाली.

तेव्हा मॅन्युअल उघडाल तर आधी 'बग्ज'चा मथळा बघा. लेखक आपल्याशी किती खरं बोलतो आहे, याचा अंदाज तिथे लवकर येतो.